वीस लाखांचा सलामीवीर: तरुण फलंदाजांची तुलना आणि लिलावाची बोली

जयपूर येथे १८ डिसेंबर २०१८ रोजी आयपीएलचा लिलाव झाला. त्या दिवशी एकूण ६० खेळाडू विकले गेले. चेन्नई सुपर किंग्जच्या संघात अवघ्या दोन जागा शिल्लक होत्या. त्यांपैकी एका जागेसाठी त्यांनी वेगवान गोलंदाज मोहित शर्मावर ५ कोटी रुपये खर्च केले. दुसऱ्या जागेसाठी महाराष्ट्राच्या एका सलामीवीराचे नाव पुकारले गेले, चेन्नईने हात वर केला, अन्य कोणीही बोली लावली नाही आणि २० लाख रुपये या मूळ किमतीलाच हातोडा पडला. थेरगावातील दिलीप वेंगसरकर यांच्या अकादमीत घडलेला ऋतुराज गायकवाड अशा रीतीने आयपीएलमध्ये दाखल झाला.

तीन वर्षांनंतर याच खेळाडूने स्पर्धेतील सर्वाधिक धावांचा मान पटकावला. पुढे तो चेन्नईचा कर्णधार झाला आणि २०२५ च्या हंगामापूर्वी त्याला संघात कायम ठेवण्यासाठी चेन्नईने १८ कोटी रुपये मोजले. मग डिसेंबर २०१८ मध्ये उर्वरित संघांना त्याच्यात काय दिसले नाही? की दिसूनही त्यांनी दुसऱ्यास पसंती दिली? तरुण खेळाडूंची परस्परांशी तुलना नेमकी कशी केली जाते आणि ती कोठे फसते, हे जाणून घेण्यासाठी या उदाहरणाचा उपयोग होतो. थेरगाव, वाकड, चिंचवड, भोसरी या पट्ट्यातील ज्या घरांत आज क्रिकेटचे किट आहे, त्या घरांसाठी तर हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

अमेरिकेतील 'ड्राफ्ट'

तरुण खेळाडूंच्या तुलनेचे शास्त्र सर्वाधिक विकसित झाले ते अमेरिकन फुटबॉलमध्ये. तेथील व्यावसायिक लीगमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची दरवर्षी 'ड्राफ्ट' पद्धतीने निवड होते. यात बोली नसते, क्रम असतो. आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याला पहिली निवड मिळते व विजेत्या संघाचा क्रम शेवटी लागतो. अशा सात फेऱ्या होतात. या खेळात 'क्वार्टरबॅक' हा संघाचा सूत्रधार असतो. चेंडू कोणाकडे फेकायचा, किती वेळ हातात ठेवायचा हा निर्णय क्षणार्धात घेणारा तोच. त्यामुळे दोन क्वार्टरबॅकपैकी श्रेष्ठ कोण, यावर तेथील वृत्तपत्रांत महिनोन्महिने चर्चा रंगते. त्यांची उंची, धाव, फेकीचा वेग मोजला जातो, मुलाखती होतात आणि चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या जातात.

एवढे करूनही काय होते पाहा. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग आणि रायन लीफ या दोघांत डावे-उजवे करणे जाणकारांना कठीण गेले होते. इंडियानापोलिसने पहिल्या क्रमांकावर मॅनिंगला घेतले, तर सॅन डिएगोने दुसऱ्या क्रमांकावर लीफला. मॅनिंग त्या खेळातील महान खेळाडूंमध्ये गणला गेला आणि लीफची कारकीर्द २५ सामन्यांत आटोपली. दोनच वर्षांनी, २००० मध्ये, सहाव्या फेरीत १९९ व्या क्रमांकावर टॉम ब्रेडी निवडला गेला. त्याने पुढे सात वेळा 'सुपर बोल' जिंकून दिला. त्याच्या आधी १९८ जणांची नावे पुकारली गेली होती, ही गोष्ट अमेरिकेत आजही सांगितली जाते.

आपल्याकडे क्वार्टरबॅकच्या जवळ जाणारी भूमिका शोधायची तर ट्वेन्टी-२० मधील सलामीच्या फलंदाजाची म्हणता येईल. साम्य पुरते जुळत नाही हे खरे. मात्र पहिल्या सहा षटकांत डावाची दिशा ठरते, नवा चेंडू स्विंग होत असतो आणि निर्णयास अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी अवधी मिळतो. या जागेवर चुकीचा माणूस निवडला तर त्याचे परिणाम संघाला हंगामभर भोगावे लागतात.

पहिली निवड संगवान, दुसरी कोहली

आयपीएलमध्येही एकदा तरुणांसाठी असा ड्राफ्ट झाला होता, हे अनेकांच्या स्मरणात नसेल. २ मार्च २००८ रोजी क्वालालंपूर येथे दक्षिण आफ्रिकेला हरवून भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. संघाचा कर्णधार विराट कोहली होता. त्यानंतर काही दिवसांतच आयपीएलच्या आठ संघांनी या मुलांची क्रमाने निवड केली. पहिली निवड करण्याचा मान दिल्लीला मिळाला आणि दिल्लीने आपल्याच शहरातील विराट कोहलीला न घेता डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप संगवान याला घेतले. कोहली दुसऱ्या क्रमांकावर बंगळूरकडे गेला.

आज या निर्णयावर हसणे सोपे आहे. परंतु दिल्लीच्या बाजूने विचार केल्यास तो अविचारी नव्हता. त्यांच्याकडे वीरेंद्र सेहवाग, गौतम गंभीर, शिखर धवन, एबी डिव्हिलियर्स, तिलकरत्ने दिलशान असे फलंदाज आधीच होते आणि उणीव होती ती गोलंदाजीत. पहिल्या हंगामाने तर दिल्लीला दोष देण्यास जागाच ठेवली नाही. कोहलीने १३ सामन्यांत अवघ्या १६५ धावा केल्या. त्या वर्षी १९ वर्षांखालील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार बंगळूरच्याच श्रीवत्स गोस्वामीला मिळाला. २००८ च्या मे महिन्यात कोणी 'या तुकडीतील अव्वल कोण' असे विचारले असते, तर आकडेवारीचे उत्तर गोस्वामी असे आले असते.

येथे थेरगावचा धागा जुळतो. त्या वेळी राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष दिलीप वेंगसरकर होते. ११६ कसोटी, ६,८६८ धावा आणि लॉर्ड्सवर तीन शतके (१९७९, १९८२ व १९८६) ही त्यांची खेळाडू म्हणून ओळख आहे. आयपीएलमधील अपयशानंतर जुलै २००८ मध्ये कोहली उदयोन्मुख खेळाडूंच्या संघातून ऑस्ट्रेलियाला गेला. ब्रिस्बेन येथे न्यूझीलंडच्या संघाविरुद्ध त्याने नाबाद १२३ धावांची खेळी केली. ती वेंगसरकर यांनी प्रत्यक्ष पाहिली. शतक झाल्यावर विकेट फेकण्याऐवजी तो सामना संपवून परतला, हे त्यांना विशेष भावले, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. १८ ऑगस्ट २००८ रोजी दाम्बुला येथे कोहली पहिला एकदिवसीय सामना खेळला. आयपीएलच्या १३ सामन्यांतील आकड्यांपेक्षा एका खेळीतील वृत्तीला त्यांनी अधिक वजन दिले होते.

त्याआधीची आणखी एक गोष्ट अशी की, नियामक मंडळाने लहान शहरांतील गुणवत्ता हेरण्यासाठी जी यंत्रणा उभारली होती, तिचे नेतृत्वही वेंगसरकर यांच्याकडेच होते. बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार यांनी २००३ मध्ये जमशेदपूर येथे एका यष्टिरक्षकाला पाहिले आणि त्याची शिफारस करणारा अहवाल पाठवला. तो यष्टिरक्षक महेंद्रसिंह धोनी. पुढे याच धोनीच्या चेन्नई संघात थेरगावचा मुलगा यावा, हा योगायोग म्हणावा लागेल.

पुण्याला ड्राफ्टचा अनुभव आणखी एकदा आला. चेन्नई व राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आल्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये पुणे व राजकोट या नव्या संघांनी त्यांच्या खेळाडूंतून आळीपाळीने प्रत्येकी पाच जण निवडले. पुण्याने पहिल्या क्रमांकावर धोनीला आणि त्यानंतर अजिंक्य रहाणे, रविचंद्रन अश्विन, स्टीव्ह स्मिथ व फाफ ड्यू प्लेसिस यांना घेतले. राजकोटची सुरुवात सुरेश रैनाने झाली. परंतु ते सारे सिद्ध झालेले खेळाडू होते. त्यांच्या निवडीत पैशाचा प्रश्न होता, पारखण्याचा फारसा नव्हता.

बोली कशी ठरते?

लिलावाचे गणित ड्राफ्टपेक्षा निराळे असते. आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या खेळाडूची किमान मूळ किंमत २०१७ पर्यंत १० लाख रुपये होती, २०१८ पासून ती २० लाख झाली आणि नोव्हेंबर २०२४ मधील मोठ्या लिलावापासून ३० लाख करण्यात आली. प्रत्येक संघाची खर्चाची मर्यादा ठरलेली असते. संघात कमाल २५ खेळाडू आणि त्यांत परदेशी आठपर्यंत असतात. यामुळे खेळाडूचे मोल ठरवण्यात त्याच्या गुणांइतकाच वाटा अन्य गोष्टींचा असतो. त्याचे नाव किती वाजता पुकारले गेले, तेव्हा कोणाच्या थैलीत किती पैसे उरले होते, त्याच प्रकारचा दुसरा खेळाडू यादीत पुढे आहे की नाही, यांवर आकडा हलतो. दोन संघांना एकच खेळाडू हवा असेल तर किंमत आकाशाला भिडते. एकाच संघाला हवा असेल तर ती मूळ किमतीवरच थांबते. ऋतुराजच्या बाबतीत हेच घडले.

त्याच जयपूरच्या लिलावात अन्य तरुणांवर लागलेल्या बोली यासंदर्भात पाहण्यासारख्या आहेत. तमिळनाडूचा फिरकी गोलंदाज वरुण चक्रवर्ती २० लाखांच्या मूळ किमतीवरून ८ कोटी ४० लाखांवर गेला. पंजाबने त्याला घेतले खरे, मात्र २०१९ मध्ये तो केवळ एक सामना खेळला आणि करारमुक्त झाला. कोलकात्याने पुढच्या लिलावात ४ कोटींना घेतल्यावर त्याची खरी कारकीर्द सुरू झाली आणि २०२५ मध्ये चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. मुंबईच्या शिवम दुबेने लिलावाच्या आदल्याच दिवशी रणजी सामन्यात बडोद्याविरुद्ध एका षटकात पाच षटकार ठोकले आणि दुसऱ्या दिवशी बंगळूरने त्याच्यासाठी ५ कोटी मोजले. २०१९ च्या हंगामात त्याने चार सामन्यांत ४० धावा केल्या. त्याचेही नाणे पुढे खणखणीत वाजले, पण ते चेन्नईत गेल्यावर. बंगालचा लेगस्पिनर प्रयास रे बर्मन अवघ्या १६ व्या वर्षी दीड कोटीला विकला गेला. ३१ मार्च २०१९ रोजी तो आयपीएलमधील त्या वेळचा सर्वांत लहान खेळाडू ठरला, त्याच्या चार षटकांत ५६ धावा निघाल्या आणि आयपीएलमध्ये तो पुन्हा दिसला नाही. सोळा वर्षांच्या मुलाला चार षटकांत जोखणे न्याय्य होते का, हा प्रश्न प्रस्तुत प्रतिनिधीला आजही अस्वस्थ करतो.

चार सलामीवीर

आता सलामीवीरांची थेट तुलना करू. २०१८ या एकाच वर्षातील दोन लिलावांत चार तरुण सलामीवीर आयपीएलमध्ये आले. जानेवारीत पृथ्वी शॉ दिल्लीकडे १ कोटी २० लाखांना व शुभमन गिल कोलकात्याकडे १ कोटी ८० लाखांना गेला. डिसेंबरमध्ये देवदत्त पडिक्कल बंगळूरकडे व ऋतुराज चेन्नईकडे गेला आणि दोघांनाही प्रत्येकी २० लाखच मिळाले.

पृथ्वी आणि शुभमन यांच्या बाजूला १९ वर्षांखालील विश्वचषकाचे वलय होते. लिलाव सुरू असताना दोघे न्यूझीलंडमध्ये ती स्पर्धा खेळत होते. पृथ्वी कर्णधार आणि शुभमन उपकर्णधार होता. लिलाव संपल्यावर दोनच दिवसांनी शुभमनने उपांत्य सामन्यात पाकिस्तानविरुद्ध नाबाद १०२ धावा केल्या आणि तोच स्पर्धेचा मानकरी ठरला. लिलाव एक आठवडा उशिरा झाला असता तर त्याची किंमत कदाचित दुप्पट झाली असती. तरीही त्या काळी जाणकारांना विचारले असते तर बहुतेकांचा कौल पृथ्वीकडे गेला असता. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणातच त्याने १३४ धावा फटकावल्या, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. हातांचा वेग, चेंडूची दिशा आधी ओळखण्याची नजर, ऑफच्या बाजूचे फटके हे सारे डोळ्यांत भरणारे होते.

ऋतुराजकडे यातले काहीच नव्हते. १९ वर्षांखालील विश्वचषक तो कधी खेळला नाही. ३१ जानेवारी १९९७ चा त्याचा जन्म, म्हणजे लिलावाच्या दिवशी तो बाविसाव्या वर्षात होता. 'भावी तारा' म्हणून खपण्याचे वय जवळपास उलटले होते. सांगवी परिसरातील या मुलाने २००३ मध्ये पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड सामना पाहिला आणि ब्रेंडन मॅक्क्युलमचा स्कूपचा फटका मनात ठेवून घरी परतला, ही आठवण त्याने स्वतः सांगितली आहे. शालेय वयात तो महापालिकेच्या मैदानावरील वेंगसरकर अकादमीत दाखल झाला. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या निमंत्रितांच्या स्पर्धेत त्याने ३०६ धावांची खेळी केली. ऑक्टोबर २०१६ मधील झारखंडविरुद्धच्या रणजी पदार्पणात बोटाला दुखापत होऊन त्याला काही आठवडे बाहेर बसावे लागले. झारखंड संघासोबत मार्गदर्शक म्हणून आलेल्या धोनीने त्या वेळी त्याची विचारपूस केली होती. परतल्यानंतर त्याने विजय हजारे करंडकाच्या पहिल्याच मोसमात सात सामन्यांत ४४४ धावा केल्या.

हे आकडे सर्व संघांसमोर होते. परंतु आकडे तोलताना समोरची गोलंदाजी, मैदानाचा आकार व खेळपट्टी यांची वजावट करावी लागते आणि ती करताना दोन तज्ज्ञांचे एकमत क्वचितच होते. पंजाबच्या प्रभसिमरन सिंगने जिल्हास्तरीय सामन्यात २९८ धावा केल्या होत्या. डिसेंबर २०१८ मध्ये त्याला ४ कोटी ८० लाख मिळाले. ऋतुराजच्या ३०६ धावांना तशी किंमत आली नाही. दोन्ही खेळी आपापल्या ठिकाणी मोठ्याच होत्या. एकाला षटकार मारणारा यष्टिरक्षक म्हणून मागणी होती, तर दुसरा तंत्रशुद्ध सलामीवीर होता आणि त्या दिवशी बाजारात तंत्रशुद्ध सलामीवीरांचा तुटवडा नव्हता.

२०१९ चा संपूर्ण हंगाम ऋतुराज व पडिक्कल या दोघांनाही बाकावर काढावा लागला. २०२० मध्ये स्पर्धा संयुक्त अरब अमिरातीत झाली. पडिक्कलला पहिल्या सामन्यापासून संधी मिळाली. त्याने ४७३ धावा केल्या आणि तो उदयोन्मुख खेळाडूचा मानकरी ठरला. ऋतुराजला तेथे पोहोचताच करोनाची बाधा झाली. सराव हुकला. मैदानात उतरल्यावर पहिल्या तीन डावांत ०, ५ आणि ० अशा धावा झाल्या. तरुणांमध्ये ठिणगी दिसत नाही, अशा आशयाचे धोनीचे विधान त्या दिवसांत गाजले होते. पण चेन्नईने त्याला वगळले नाही. पुढील तीन डावांत नाबाद ६५, ७२ आणि नाबाद ६२ अशी सलग तीन अर्धशतके आली. एखाद्या अन्य संघात चौथा डाव मिळाला असता की नाही, कोणास ठाऊक!

२०२१ मध्ये ऋतुराजने १६ सामन्यांत ६३५ धावा केल्या, राजस्थानविरुद्ध अबुधाबीत नाबाद १०१ धावांची खेळी रचली आणि सर्वाधिक धावांची 'ऑरेंज कॅप' मिळवली. त्याचाच जोडीदार ड्यू प्लेसिस ६३३ धावांवर राहिला. त्यावर्षी चेन्नईने विजेतेपद मिळवले. १ मे २०२२ रोजी हैदराबादविरुद्ध त्याने ९९ धावा केल्या, त्याही गहुंजे येथे, घरच्या माणसांसमोर. शतक एका धावेने हुकले, पण डेव्हॉन कॉन्वेसोबतची सलामीची भागीदारी १८२ धावांची झाली होती. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी अहमदाबादला उत्तर प्रदेशविरुद्ध नाबाद २२० धावा करताना त्याने एकाच षटकात सात षटकार मारले. त्यातला एक नोबॉल होता. ज्याच्याकडे 'तंत्रशुद्ध पण संथ' म्हणून पाहिले गेले, त्याच फलंदाजाची ही खेळी.

उर्वरित तिघांचे पुढे काय झाले? शुभमन गिलने गुजरातकडून २०२३ मध्ये ८९० धावा केल्या आणि मे २०२५ मध्ये तो भारताचा कसोटी कर्णधार झाला. पडिक्कलला २०२२ मध्ये राजस्थानने ७ कोटी ७५ लाख दिले, २०२४ मध्ये लखनौकडून सात सामन्यांत तो ३८ धावाच करू शकला आणि २०२५ साठी तो २ कोटींना बंगळूरकडे परतला. पृथ्वीची वाट सर्वांत बिकट झाली. २०२०-२१ च्या विजय हजारे करंडकात ८२७ धावा करणारा हा फलंदाज नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही विकला गेला नाही.

ऋतुराजची तुलना शुभमनशी केली तर शुभमन पुढे आहे, हे थेरगावकरांनीही मान्य करावे. भारतीय संघात ऋतुराजचे स्थान कधीच पक्के झाले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुवाहाटीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ट्वेन्टी-२० सामन्यात नाबाद १२३ धावा करूनही २०२४ च्या विश्वचषकाच्या संघात तो नव्हता. त्याआधी २०२१ च्या अखेरीस, विजय हजारे करंडकात पाच सामन्यांत चार शतकांसह ६०३ धावा झाल्यावर, आता वय वाढण्याची वाट न पाहता त्याला घ्यावे असे वेंगसरकर यांनी जाहीरपणे म्हटले होते. लिलावात स्वस्तात मिळालेला खेळाडू राष्ट्रीय निवडीतही बराच काळ 'पुढे बघू'च्या यादीत राहिला, असे म्हणण्यास जागा आहे.

पुण्याचेच आणखी काही

एका खेळाडूवरून निष्कर्ष काढू नये, म्हणून पुण्याशी संबंधित आणखी दोन उदाहरणे पाहू. राहुल त्रिपाठीला फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संघाने अवघ्या १० लाखांत घेतले. त्याच लिलावात याच संघाने बेन स्टोक्सवर साडेचौदा कोटी खर्च केले होते. त्रिपाठीने १४ सामन्यांत ३९१ धावा केल्या. ईडन गार्डन्सवरील ५२ चेंडूंतील ९३ धावा अनेकांना आठवत असतील. त्यानंतरची त्याची किंमत ३ कोटी ४० लाख, ६० लाख, ८ कोटी ५० लाख आणि पुन्हा ३ कोटी ४० लाख अशी हेलकावत राहिली. फलंदाज तोच, फटकेही तेच. दर लिलावाला बदलली ती समोरच्या संघांची गरज.

फेब्रुवारी २०२२ मध्ये चेन्नईने महाराष्ट्राचे दोन वेगवान गोलंदाज एकाच लिलावात घेतले. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर नुकताच १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आला होता, त्याला दीड कोटी मिळाले. राजस्थानातील भीलवाड्याहून शिकण्यासाठी पुण्यात आलेल्या मुकेश चौधरीला २० लाख मिळाले. त्या हंगामात हंगरगेकरला एकही सामना मिळाला नाही, तर मुकेशने १३ सामन्यांत १६ बळी घेतले. विश्वचषकाचा शिक्का किंमत वाढवतो, याचा हा आणखी एक दाखला.

तुलनेसाठी आता एक नवे मैदान उपलब्ध झाले आहे. २०२३ पासून महाराष्ट्र क्रिकेट संघटनेची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. पूर्वी निमंत्रितांच्या स्पर्धेतील त्रिशतक वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येत असे. आता तेच वय असलेल्या मुलाचा डाव थेट प्रक्षेपणात दहा संघांचे निरीक्षक बसल्या जागी पाहू शकतात. सोलापूरच्या अर्शीन कुलकर्णीने पहिल्याच मोसमात ऋतुराजच्या पुणेरी बाप्पा संघाविरुद्ध १३ षटकारांसह ११७ धावा केल्या आणि त्याच डिसेंबरात लखनौने त्याला २० लाखांना घेतले. अर्थात थेट प्रक्षेपणामुळे षटकार अधिक ठळक दिसतात आणि नव्या चेंडूवर सोडलेला आउटस्विंगर दिसत नाही, ही त्याची दुसरी बाजू आहे. निरीक्षकाने मैदानावर जाऊन पाहण्याला म्हणूनच पर्याय नाही. ब्रिस्बेनच्या त्या खेळीचे महत्त्व धावफलकावरून समजले नसते.

या साऱ्यांत पालकांनी ध्यानात ठेवावा असा एक आकडा आहे. नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दा येथील लिलावासाठी १,५७४ खेळाडूंनी नावे नोंदवली होती. त्यांपैकी विकले गेले १८२. नोंदणीपर्यंत पोहोचणे हेच मुळी राज्य संघाच्या दारापर्यंत गेलेल्यांना शक्य होते. थेरगावच्या नेटमध्ये, तळेगावच्या किंवा निगडीच्या मैदानावर सराव करणारी बहुसंख्य मुले त्या १,५७४ मध्येही येत नाहीत. चाकण-भोसरीच्या कारखान्यात पाळी करून मुलाला सकाळी सहाला मैदानावर सोडणाऱ्या बापाला हे ठाऊक नसते असे नाही. त्याच जेद्दात राजस्थानने १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीसाठी १ कोटी १० लाख मोजले आणि २८ एप्रिल २०२५ रोजी त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकले. तेव्हापासून बारा वर्षांच्या मुलांच्या घरीही घाई सुरू झाली आहे. ऋतुराज पहिला आयपीएल सामना खेळला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, हे अशा घरांत कोणीतरी सांगायला हवे.

पृथ्वी शॉ २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला. त्या ऑक्टोबरात चंडीगडविरुद्धच्या रणजी सामन्यात ऋतुराजने पहिल्या डावात ११६ धावा केल्या आणि पृथ्वीने दुसऱ्या डावात १५६ चेंडूंत २२२. महाराष्ट्राने १४४ धावांनी विजय मिळवला. सामन्याचा मानकरी म्हणून ऋतुराजचे नाव जाहीर झाले आणि त्याने तो पुरस्कार पृथ्वीसोबत वाटून घेतला. दीड महिन्याने, १६ डिसेंबर २०२५ रोजी अबुधाबीत झालेल्या लिलावात दिल्लीने पृथ्वीला पुन्हा घेतले, ते ७५ लाख या मूळ किमतीलाच.